रोखा, रोख आणि 'निवडणूक रोखे'

प्रश्न असा: "इलेक्टोरल बाँडला मराठी वृत्तपत्रं 'निवडणूक रोखे' म्हणतात. कुठे 'निवडणूक कर्जरोखे', कुठे 'निवडणूक बंधपत्र' असंही दिसतं, आणि हिंदीच्या संगतीने 'चुनावी बाँड'ही. यातलं बरोबर कोणतं? शिवाय 'रोखा'चा 'रोख'शी संबंध असेल, तर रोखीच्या देणग्यांना आळा घालायला म्हणून आणलेल्या योजनेला हे नाव कसं?"

इलेक्टोरल बाँड म्हणजे राजकीय पक्षांना देणगी देण्यासाठी बँकेतून विकत घ्यायचा कागद; ही योजना २०१८ मध्ये आली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. आधी निकाल, मग कारणं. 'निवडणूक रोखे' चालेल. 'कर्जरोखे' चूक. 'बंधपत्र' तर अजिबात नको. 'चुनावी' लिहिण्याची गरज नाही, आपल्याकडे 'निवडणूक' हा धडधाकट शब्द आहे. आणि तक्रार करायचीच, तर 'रोखे'ला सोडा आणि 'निवडणूक'ला धरा. ते पुढे येईलच.

'रोखा'चं मूळ अरबी 'रुक्आ', म्हणजे चिठ्ठी, कागदाचा तुकडा. हिंदीतला 'रुक्का' त्याचाच भाऊ. जुन्या कागदपत्रांत रोखा म्हणजे कधी नुसती चिठ्ठी, कधी पैसे द्यावेत अशी लेखी आज्ञा, कधी घेतलेल्या पैशांची लेखी कबुली. 'रोख' म्हणजे हातातला पैसा, त्याचा या चिठ्ठीशी उगमाने संबंध नाही. ध्वनी जवळचे आहेत म्हणून नातं जुळल्यासारखं वाटतं एवढंच. पण लिहिताना या दोघांची गाठ फार वाईट पडते. 'कंपनीने पक्षाला रोखीने देणगी दिली' आणि 'कंपनीने पक्षाला रोख्याने देणगी दिली' या दोन वाक्यांचे अर्थ अगदी उलटे आहेत. २०१७ च्या अर्थसंकल्पात रोखीच्या देणगीची मर्यादा २०,००० वरून २,००० रुपयांवर आणली आणि त्याच अर्थसंकल्पात रोख्यांची कल्पना मांडली. रोखा विकत घ्यायचा तर पैसे धनादेशाने, धनाकर्षाने (डिमांड ड्राफ्टने) किंवा खात्यातून वळते करूनच द्यावे लागत. नोटांची गड्डी चालत नसे. म्हणून सामान्यरूपाकडे नीट लक्ष द्या: रोख, रोखीचा, रोखीने; रोखा, रोख्याचा, रोख्याने, अनेकवचनी रोख्यांचा. 'रोखेंचा', 'रोखेंद्वारे' ही रूपं हल्ली मथळ्यांतही दिसतात, ती सरळ चूक आहेत. घोडेंचा म्हणत नाही, तसं रोखेंचा म्हणू नये.

आता 'कर्जरोखे' का नको? कर्जरोख्यात तीन गोष्टी हव्यात: मुद्दल परत मिळणार, त्यावर व्याज मिळणार आणि परतफेडीची तारीख ठरलेली असणार. सरकारचे, महापालिकेचे, कंपन्यांचे कर्जरोखे तसेच असतात. निवडणूक रोख्यात यातलं एकही नव्हतं. १,०००, १०,०००, १ लाख, १० लाख आणि १ कोटी अशा पाच रकमांचे रोखे भारतीय स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांत मिळत. विकत घेतल्यापासून १५ दिवसांत पक्षाने वटवला नाही, तर पैसे घेणाऱ्याकडे परत येत नसत, प्रधानमंत्री राष्ट्रीय सहाय्यता निधीत जात. व्याज शून्य. ज्या कागदात पैसे घालणाऱ्याला काहीच परत मिळत नाही, त्याला कर्ज कसं म्हणायचं? (परतफेड दुसऱ्या कुठल्या रूपात होत होती का, हा वादाचा भाग; पण तो कागदावर छापलेला नव्हता.)

'बंधपत्र' हा शब्द आपल्याकडे दुसऱ्याच कामाला लागलेला आहे. वैद्यकीय पदवीनंतर ग्रामीण भागात सेवा करीन, चांगली वर्तणूक ठेवीन, तारखेला हजर राहीन, अशा लेखी हमीला बंधपत्र म्हणतात. 'निवडणूक बंधपत्र' वाचून एखाद्याला वाटेल की उमेदवाराने आचारसंहिता पाळण्याचं लिहून दिलं आहे! 'ऋणपत्र' हा शब्द डिबेंचरसाठी ठरलेला, तोही इथे बसत नाही.

मग हा कागद होता तरी काय? २ जानेवारी २०१८ ला अधिसूचित झालेल्या योजनेची व्याख्या सांगते की हा रोखा वचनचिठ्ठीच्या (प्रॉमिसरी नोटच्या) स्वरूपाचा, वाहकाला, म्हणजे ज्याच्या हातात असेल त्याला, देय असा बँकेचा कागद असून त्यावर घेणाऱ्याचं किंवा ज्याला द्यायचा त्याचं नाव नसेल. म्हणजे 'बाँड' हे इंग्रजी नावच मुळात सैल होतं. मराठी 'रोखा' मात्र आपल्या जुन्या अर्थाने, म्हणजे पैशांची चिठ्ठी या अर्थाने, त्यावर चपखल बसतो. भाषांतर मुळापेक्षा नेमकं निघण्याचा हा विरळा प्रसंग.

पेढीच्या भाषेत तर याला याहून नेमकी जागा आहे. हुंडीचे, म्हणजे जुन्या सावकारी व्यवहारातल्या पैसे देण्याच्या चिठ्ठीचे, प्रकार आठवा. दाखवल्याबरोबर पैसे मिळतात ती दर्शनी, ठरावीक दिवसांनी मिळतात ती मुदती. पैसे कोणाला, यावरून नामजोग, धनीजोग, फरमानजोग आणि शाहजोग. शाहजोग हुंडी हातोहात फिरू शकते, पण तिचे पैसे मिळतात ते फक्त बाजारात पत असलेल्या 'शाहा'ला. निवडणूक रोखा नावाला वाहकाचा, पण वटवता कोणाला येई? लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९क खाली नोंदणी झालेल्या आणि मागच्या लोकसभा किंवा विधानसभा निवडणुकीत किमान एक टक्का मतं मिळालेल्या पक्षालाच, आणि तेही त्याच्या ठरवून दिलेल्या खात्यातूनच. थोडक्यात, दर्शनी शाहजोग रोखा, पण १५ दिवसांच्या आत वटवायचा.

वाहकाला देय ही गोष्ट किरकोळ नाही. मागताक्षणी वाहकाला पैसे द्यायचं वचन देणारा कागद म्हणजे व्यवहारात चलनी नोटच. म्हणून रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ३१ ने असा कागद काढण्याचा अधिकार रिझर्व्ह बँक आणि केंद्र सरकार यांच्यापुरताच ठेवला आहे. निवडणूक रोख्यांसाठी त्या कलमात अपवाद घालावा लागला, आणि जानेवारी २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्याला लेखी हरकत घेतली होती. वचनचिठ्ठी या शब्दाकडे काणाडोळा केला, तर ही हरकत कशाबद्दल होती तेच कळत नाही.

आता 'निवडणूक'बद्दलची तक्रार. रोख्यांची विक्री जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरात प्रत्येकी दहा दिवस चाले. निवडणूक असो वा नसो. लोकसभेच्या वर्षी आणखी तीस दिवस. मिळालेला पैसा निवडणुकीवरच खर्च करावा, अशी अट नव्हती; पक्षाने कार्यालय बांधलं तरी चालत होतं. तेव्हा अर्थाने नेमका शब्द 'पक्षदेणगी रोखा' किंवा 'पक्षनिधी रोखा' हा होय. पण अधिकृत नाव एकदा रूढ झालं की त्याच्याशी झगडून वाचकाचा गोंधळच वाढतो. मथळ्यात 'निवडणूक रोखे' ठेवा आणि पहिल्या परिच्छेदात 'राजकीय पक्षांना देणगी देण्यासाठीचे' एवढं जोडा.

क्रियापदांत गफलत जास्त होते. देणगीदार रोखा विकत घेतो, बँक विकते, पक्ष वटवतो. 'अमुक पक्षाने इतक्या कोटींचे रोखे खरेदी केले' असं वाक्य १४ मार्च २०२४ ला निवडणूक आयोगाने याद्या प्रसिद्ध केल्यावर ठिकठिकाणी दिसलं. त्याने देणारा आणि घेणारा यांची अदलाबदल होते. आणि 'वठवला' नको, 'वटवला' हवं. वठतं ते झाड, वठवतात ती भूमिका. पैशांच्या बाबतीत वटणे, वटवणे, वटाव, वटणावळ हे सगळं कुटुंब 'ट'चं आहे.

'निनावी' आणि 'गुप्त' यांतही फरक करा. रोखा निनावी होता, कारण कागदावर नाव नव्हतं. देणगीदार मात्र निनावी नव्हता: केवायसी झाल्याशिवाय बँक रोखा देतच नसे, म्हणजे बँकेच्या दप्तरी नाव होतं. मतदाराला मात्र ते कळायची सोय नव्हती. तेव्हा रोखा निनावी, देणगी गुप्त. शिवाय प्रत्येक रोख्यावर अक्षरं आणि अंक मिळून बनलेला एक क्रमांक होता, जो साध्या डोळ्यांना दिसत नसे, अतिनील प्रकाशात उमटे. एप्रिल २०१८ मध्ये ही बातमी बाहेर आली तेव्हा अर्थ मंत्रालयाचा खुलासा असा होता की हा क्रमांक बनावट रोखे टाळण्यापुरता आहे, बँक तो घेणाऱ्याच्या किंवा पक्षाच्या नावासमोर नोंदवत नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाने खडसावल्यावर २१ मार्च २०२४ ला ज्या याद्या आल्या, त्यांत खरेदीच्या बाजूलाही हा क्रमांक होता आणि वटवण्याच्या बाजूलाही. त्यावरून कोणाचा रोखा कोणाकडे गेला ते जुळवता आलं. या कामाला 'जुळणी' म्हणा. 'डिकोडिंग' नको, उकलण्याजोगं गूढ काही नव्हतं. १ एप्रिल २०१९ ते १५ फेब्रुवारी २०२४ या काळात २२,२१७ रोखे विकले गेले आणि २२,०३० वटवले गेले. दोन तक्त्यांत समान क्रमांक शोधायला संगणकाला फार घाम फुटत नाही. बँकेने मात्र त्यासाठी ३० जूनपर्यंतची मुदत मागितली होती.

न्यायालयीन शब्दांत तीन वेगळे ठेवा. 'स्थगिती' म्हणजे निकाल लागेपर्यंत थांबवणं. ती मार्च २०२१ मध्ये मागितली गेली आणि नाकारली गेली. 'बंदी' सरकार किंवा कायदा घालतो. १५ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने जे केलं त्याला 'घटनाबाह्य ठरवून रद्द केलं' असं म्हणायचं, आणि रद्द काय झालं तेही सांगायचं. योजना तर रद्द झालीच. पण कंपनी कायद्याच्या कलम १८२ मधली मर्यादा उठवणारी २०१७ ची दुरुस्तीही गेली. ती मर्यादा होती मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्के. ती उठल्यावर तोट्यातली कंपनीही वाटेल तेवढी देणगी देऊ शकत होती, आणि कोणत्या पक्षाला दिली हे नफातोटा पत्रकात सांगायचं बंधनही गेलं होतं. कंपन्यांचा राजकारणावरचा पगडा हा खरा मुद्दा इथे आहे, आणि बहुतेक बातम्यांत त्याला शेवटची ओळ मिळाली.

राहिला 'क्विड प्रो क्वो', म्हणजे दिल्याच्या बदल्यात काही घेणं. त्याला मराठीत 'साटंलोटं' सर्रास वापरतात. शब्द मूळचा सोयरिकीतला: तुमची मुलगी आमच्याकडे, आमची तुमच्याकडे. दोन्ही बाजूंनी ठरवून केलेला व्यवहार, हा त्यातला गाभा. म्हणून तो जोरकस आहे आणि म्हणूनच जोखमीचा. घटनापीठाने अशा देवाणघेवाणीची शक्यता मान्य केली, पण एखाद्या कंपनीने एखाद्या पक्षाशी ती केली असा निष्कर्ष काढला नाही. अशा आरोपांच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमण्याची मागणीही २ ऑगस्ट २०२४ ला फेटाळली गेली. तेव्हा अग्रलेखात 'साटंलोटं' खुशाल लिहा, बातमीत 'देणगीच्या बदल्यात लाभ दिल्याचा आरोप' असं लिहा, आणि रोखा घेतल्याची व कंत्राट मिळाल्याची तारीख दोन्ही शेजारी छापा.