बोट डॉकभोवती गळ टाकून बास लागत नाही, मासा नेमका असतो कुठे?

तुम्ही लिहिलंय की सकाळभर एकेका डॉकच्या (बोटी बांधायच्या धक्क्याच्या) कडेकडेने गळ टाकत गेलात, आमिषं बदलून पाहिली, तरी एकही बास नाही. आमिषाचं सोडा हो, ते पडतंय कुठे ते बघा. ऊन चढलं की लार्जमाऊथ, म्हणजे हा मोठ्या तोंडाचा, गोड्या पाण्यातला शिकारी बास, पार आत सावलीत सरकतो, तिथून त्याला उजेडातले छोटे मासे स्पष्ट दिसतात आणि तो कुणाला दिसत नाही, मग तुमच्या आमिषासाठी तो बाहेर कशाला येईल?

म्हणजे आमिष डॉकच्या खाली घुसवायचं. त्यासाठी स्किप करायला शिका, चपटा दगड पाण्यावर टप्पे खात जातो ना, तसंच. रॉड आडवा, टोक पाण्याच्या अगदी जवळ आणि जोर फक्त मनगटाचा. सुरुवात स्पिनिंग रीलवर करा, तिची स्पूल (लाईन गुंडाळलेली फिरकी) टाकताना फिरत नाही, कारण बेटकास्टर रीलमध्ये आमिष पाण्याला टेकून मंदावतं पण स्पूल तशीच फिरत राहते आणि मग बसा गुंता सोडवत. आमिष म्हणाल तर जाडसर प्लास्टिक वर्म (गांडुळासारखं मऊ आमिष), वजन न लावता, हुकचं टोक प्लास्टिकमध्येच लपवून, म्हणजे दोरखंडात अडकत नाही. आत गेलं की लगेच ओढू नका, लाईन सैल सोडून बुडू द्या, बरेचदा मासा ते खाली जातानाच घेतो, हाताला काही जाणवत नाही, फक्त लाईन हळूच एका बाजूला चालू लागते. तेवढं दिसलं की हुक रुतवायला रॉडला झटका हाणा आणि आधी त्याला बाहेर ओढा, मजा नंतर, कारण खांबाला वेढा घातला की लाईन गेलीच. मी ब्रेडला (विणलेल्या मुख्य लाईनला) पुढे 15 पाउंड ताण सोसणारा फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे आमिषाकडचा शेवटचा तुकडा, लावतो, त्याहून बारीक इथे नको.

आता डॉक कुठला? सगळे सारखे नसतात. खांबांवरच्या डॉकला मासा खांबाला किंवा शिडीला चिकटून असतो, तरंगत्या डॉकला मात्र बरेचदा तळाशी नसतो, डॉकला तरंगत ठेवणाऱ्या फ्लोटच्या खालीच लटकलेला असतो, तिथे आमिष तळाला नेऊन काही उपयोग नाही. भर उन्हाळ्यात ज्याचं टोक खोल पाण्याकडे आहे तो आधी बघा. डॉकवर रॉड होल्डर आणि पाण्याकडे रोखलेले दिवे दिसले तर मालक स्वतः मासेमारी करतो समजा, त्याने मासे यावेत म्हणून खाली झाडाच्या फांद्या बुडवून ठेवल्या असण्याची शक्यता भरपूर. आणि एक मासा लागला की खोली किती होती, कुठल्या कोपऱ्यात होता, एवढं ध्यानात ठेवून तसलेच डॉक शोधा, मधले सरळ सोडून द्या.

बाकी डॉकवर माणसं बसलेली असतील तर तो डॉक सोडा, आणि हुक कुणाच्या बोटीच्या कव्हरमध्ये अडकला तर झटके मारू नका, कव्हर फाटतं, जवळ जाऊन हाताने काढा.