रात्री गळ टाकायला जाताना गाडी कुठे ठेवायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही न्यू जर्सीत नवीन आहात आणि मासेमारीची नोंदणी केलेली आहे. सँडी हुक या तिथल्या किनाऱ्यावरच्या उद्यानात संध्याकाळपासून गळ टाकून बसला होतात, तेवढ्यात उद्यान बंद व्हायची वेळ झाली आणि रेंजरने गाडी काढायला सांगितली. समुद्रकिनारा सार्वजनिक असताना रात्री उठवतात कसे? न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडला गेलो तर तिथेही हेच होईल का? आणि मेहुण्याला नुसता सोबतीला नेला तर चालेल का?

रेंजरचा आक्षेप तुमच्या गाडीला होता. हे एकदा लक्षात आले की पुढचा बराच गोंधळ आपोआप सुटतो. तीन परवानग्या वेगवेगळ्या असतात आणि त्या देणारेही वेगवेगळे. मासा धरायची परवानगी राज्य देते. पाण्याच्या कडेला उभे राहण्याचा हक्क जुन्या कायद्यातून येतो आणि तो राज्यागणिक बदलतो. गाडी उभी करायची परवानगी मात्र ज्याची जागा तो देतो, मग ते राष्ट्रीय उद्यान असो, राज्य उद्यान असो की एखादे गाव. तुमच्याकडे पहिली होती, दुसरी बहुतांशी होती, तिसरी नव्हती.

पहिलीबद्दल फार लिहीत नाही. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क या दोन्ही राज्यांत खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीची नोंदणी फुकट आहे, १६ वर्षांच्या आणि त्यापुढच्या प्रत्येकाने ती करायची आणि दरवर्षी नव्याने करायची. कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड आणि मॅसॅच्युसेट्समध्ये थोडे पैसे भरून लायसन्स घ्यावे लागते. लाँग आयलंडला जाणार असाल तर न्यूयॉर्कची नोंदणीही करून ठेवा, काही मिनिटांचे काम आहे. मात्र ही नोंदणी गेटवर दाखवून गाडी आत ठेवता येईल अशी समजूत करून घेऊ नका. तिचा पार्किंगशी काहीही संबंध नाही.

आता किनाऱ्याचा हक्क. किनारा सार्वजनिक असतो हे तुमचे वाक्य अर्धे बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यावरच सगळी भांडणे होतात. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कनेक्टिकट इथे साधारणपणे सरासरी भरतीच्या रेषेपासून समुद्राकडची जमीन लोकांसाठी राखलेली मानतात, म्हणजे ओली पुळण सगळ्यांची. पण ही रेषा वाळूवर दिसत नाही. भरतीच्या १९ वर्षांच्या नोंदींची सरासरी काढून ती ठरवतात, कारण चंद्राच्या कक्षेचे एक आवर्तन साधारण १८.६ वर्षांचे असते. रात्री अकरा वाजता बंगल्याचा मालक टॉर्च घेऊन आला तर तुम्ही रेषेच्या अलीकडे आहात की पलीकडे, हे तुम्हालाही सांगता येणार नाही आणि त्यालाही नाही. ऱ्होड आयलंडने यावर मला फार शहाणपणाचा वाटणारा तोडगा काढला. २०२३ च्या कायद्याप्रमाणे तिथे भरतीची जी खूण डोळ्यांना दिसते, म्हणजे शेवाळ आणि कचऱ्याची ओळ, तिच्यापासून जमिनीकडे आणखी १० फुटांपर्यंत लोकांना वावरता येते.

मॅसॅच्युसेट्समध्ये प्रकार उलटा आहे. सतराव्या शतकातल्या वसाहतकालीन अध्यादेशामुळे तिथे भरती-ओहोटीमधला पट्टासुद्धा खाजगी मालकीचा असू शकतो. लोकांना त्यावर हक्क आहेत ते मासेमारी, पक्ष्यांची शिकार आणि नौकानयन यांच्यापुरते. म्हणजे तुमच्या हातात गळ असेल तर तुम्ही तिथे हक्काने उभे आहात, आणि नुसते फिरायला गेला असाल तर मालक तुम्हाला जा म्हणू शकतो. मेनमध्येही साधारण हेच. पश्चिमेकडे किंवा दक्षिणेकडे राहणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की टेक्सासने १९५९ मध्ये आणि ओरेगनने १९६७ मध्ये कायदे करून झाडोऱ्याच्या रेषेपर्यंतची कोरडी वाळूही लोकांना वापरायला खुली केली.

न्यू जर्सीचा इतिहास तुमच्या बाजूचा आहे. किनाऱ्यावरच्या गावाने बाहेरच्यांकडून जास्त शुल्क घेऊ नये, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये दिला. बे हेड या किनाऱ्यावरच्या गावातल्या १९८४ च्या खटल्यात कोरड्या वाळूवरूनही लोकांना वाट मिळाली. किनारा लोकांसाठी राखलेला असतो हे तत्त्व राज्याने २०१९ मध्ये कायद्यातच घातले. पण हे सगळे वाचून झाल्यावर गाडीकडे बघा. कोणत्याही निकालाने तुम्हाला रात्री दोन वाजता पार्किंगची जागा दिलेली नाही. पाण्यापर्यंत जाण्याचा हक्क असतो, पण दुसऱ्याच्या अंगणातून तिथे जाण्याचा नसतो आणि त्याच्या दारात गाडी ठेवण्याचा तर नाहीच. ज्या गावांना बाहेरचे लोक नको असतात त्यांनी हे फार पूर्वी ओळखले आहे. किनारा बंद करायला गेले तर कोर्ट आडवे येते, म्हणून रस्त्याकडेला 'फक्त रहिवाशांसाठी' किंवा 'सूर्यास्त ते सूर्योदय पार्किंग बंद' अशा पाट्या लावल्या जातात. कनेक्टिकटमधल्या ग्रीनिचला २००१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बाहेरच्या माणसाला गावाच्या बीच पार्कमध्ये येण्यापासून अडवता येणार नाही. कायद्याचा एक विद्यार्थी तिथे धावायला गेला होता आणि त्याला परत पाठवले होते, त्यातून हा खटला उभा राहिला. निकालानंतर गेट उघडले, पण बाहेरच्यांना शुल्क भरावे लागतेच. मला हे अन्यायाचे वाटते आणि मी ते गावसभांमध्ये बोलूनही दाखवतो. पण रात्री पाटीखाली गाडी ठेवून हा अन्याय दूर होत नाही, फक्त गाडी टो होते.

म्हणून सुरुवातीला सार्वजनिक उद्यानांवरच भर द्या. तिथे वाट अधिकृत असते, फक्त कागद हवा.

सँडी हुक हे राष्ट्रीय उद्यान सेवेच्या गेटवे राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्राचा भाग आहे. तिथे बंद होण्याच्या वेळेनंतर मासेमारीसाठी गाडी ठेवायची तर वेगळा परवाना लागतो. न्यूयॉर्कच्या बाजूला फोर्ट टिल्डन आणि ब्रीझी पॉइंट हेही गेटवेतच येतात आणि तिथेही मासेमारीच्या पार्किंगचा परवाना आहे. राष्ट्रीय उद्यानांचा जो वार्षिक पास आपल्यापैकी बरेच जण यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यनसाठी घेतात, तो या परवान्याऐवजी चालत नाही. तो पास प्रवेशशुल्कासाठी आहे, विशेष परवान्यांसाठी नाही. एम्पायर पास, म्हणजे न्यूयॉर्कच्या राज्य उद्यानांचा पास, त्याचेही तेच: दिवसा गाडी आत न्यायला उपयोगी, रात्री थांबायला नाही.

लाँग आयलंडच्या राज्य उद्यानांत, म्हणजे जोन्स बीच, रॉबर्ट मोझेस, मॉन्टॉक पॉइंट वगैरे ठिकाणी, दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. एक परवाना सूर्यास्तानंतर ठरावीक पार्किंगमध्ये गाडी ठेवून चालत पाण्यापर्यंत जाण्याचा. दुसरा फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी प्रत्यक्ष वाळूवर नेण्याचा. दुसरा महाग असतो आणि त्याच्यासोबत सामानाची यादी येते: हवेचा दाब मोजायचे मीटर, फावडे, जॅक आणि जॅकखाली ठेवायची फळी, ओढायचा दोर, स्टेपनी. न्यू जर्सीच्या आयलंड बीच स्टेट पार्कमध्येही वाळूवर गाडी न्यायला असाच परवाना आहे. तुम्हाला सध्या त्याची गरज नाही, पहिलाच घ्या. तारे बघणाऱ्यांसाठीही लाँग आयलंडच्या उद्यानांत स्वतंत्र परवाना मिळतो. स्वस्त पडतो म्हणून तो घेऊन गळ टाकायला जाऊ नका, ज्या कामाचा परवाना त्याच कामाला तो चालतो.

घेण्याआधी दोन गोष्टी वाचा. परवाना कोणत्या पार्किंगसाठी आहे, कारण त्याच उद्यानातले शेजारचे पार्किंग रात्री कुलूपबंद असू शकते. आणि तो कधीपर्यंत चालतो. यातले बरेच परवाने कॅलेंडर वर्षाचे असतात, म्हणजे ऑक्टोबरात पूर्ण पैसे भरून घेतलेला डिसेंबरअखेर संपतो. स्ट्राइप्ड बास या माशाचे शरद ऋतूतले स्थलांतर गाठायचे असेल तर तरीही तो वसूल होतो असे माझे मत आहे, पण हे माहीत असताना ठरवा. शुल्क आणि वेळा उद्यानाच्या स्वतःच्या पानावरूनच घ्या, कोणाच्या दोन वर्षांपूर्वीच्या सांगण्यावरून नको.

आता रात्री रेंजर आला तर तो काय बघतो. परवाना काचेवर लावलेला आहे का, ते आधी. मग तुम्ही खरोखर मासेमारी करताय का. हा परवाना मासेमारी चालू असेपर्यंतचा असतो. गळ गाडीत आणि तुम्ही सीट मागे पाडून झोपलेले, तर त्याला कॅम्पिंग म्हणतात आणि त्याची परवानगी वेगळी असते. तंबू, शेकोटी यांचेही तेच. डोळे मिटायला लागले तर सामान आवरा आणि बाहेर जाऊन झोपा. पकडलेला मासाही तपासला जातो: महासागराच्या किनाऱ्यावर स्ट्राइप्ड बास २८ ते ३१ इंचांमधला, माणशी दिवसाला एक, आणि नैसर्गिक आमिष लावले असेल तर सर्कल हुकच, म्हणजे टोक आत वळलेला गळ. मोजपट्टी खिशात ठेवा. अंधारात अंदाजाने मोजलेला मासा हमखास इंचभर लांब वाटतो.

मार्चपासून उन्हाळा संपेपर्यंत पुळणीचे काही भाग दोऱ्या आणि पाट्या लावून बंद केलेले दिसतील. तिथे पाइपिंग प्लव्हर हा छोटा पक्षी वाळूवरच अंडी घालतो. अटलांटिक किनाऱ्यावरचे हे पक्षी १९८६ पासून संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली संरक्षित आहेत. पिल्ले वाळूच्या रंगाची असतात, खायला पाण्याच्या कडेपर्यंत धावतात आणि गाडीच्या चाकोरीत अडकतात. तुमचा परवाना या दोरीच्या आत चालत नाही. कोणी म्हणेल, रात्री कोण बघतो; अशा माणसाबरोबर जाऊ नका. पिल्ले मारली गेली तर जागा आणखी बंद होते, आणि त्याचे दुःख नुसते जागेपुरते नाही. पुढे कधी उत्तर कॅरोलिनात केप हॅटरसला गेलात तर तिथे समुद्री कासवांसाठी उन्हाळ्यात रात्री गाडी वाळूवर नेता येत नाही, चालत मात्र जाता येते.

भरतीचे वेळापत्रक नोआ (NOAA) या सरकारी हवामान व सागर संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, भांग अष्टमीच्या आसपास, हे तुम्हाला घरूनच ठाऊक असेल. उधाणाच्या रात्री ज्या वाटेने दगडी बंधाऱ्यावर गेलात ती परतताना पाण्याखाली असू शकते, म्हणून बंधाऱ्यावर ओहोटीला चढा आणि भरती अर्धी झाली की उतरा. बुटांना लोखंडी खिळे हवेत, वेडरवर (पाण्यात उभे राहायच्या जलरोधक पायघोळ पोशाखावर) पट्टा घट्ट हवा, आणि पहिले काही महिने बंधारा नकोच, पुळणीवरूनच टाका. कपाळावरचा दिवा लाल ठेवा आणि पाण्यावर मारू नका. शेजारच्यांच्या डोळ्यांवर तर अजिबात नको.

तुम्हाला त्या रात्री फक्त समज देऊन सोडले हे चांगले झाले. तिकीट मिळालेच तर एक लक्षात असू द्या. राष्ट्रीय उद्यानात मिळालेले तिकीट गावच्या पार्किंगच्या पावतीसारखे नसते. ते संघराज्याच्या न्यायालयाकडे जाते, आणि मुदतीत पैसे भरले नाहीत किंवा हजर राहिला नाहीत तर वॉरंटपर्यंत गोष्ट जाऊ शकते. व्हिसावर असाल तर अशी गोष्ट मागे राहू देऊ नका. चूक वाटत असेल तर तारखेला जाऊन तसे सांगा, पण गप्प बसू नका.

राहिला मेहुणा. बऱ्याच उद्यानांत रात्री थांबणाऱ्या प्रत्येकाने मासेमारी करत असणे अपेक्षित असते, नुसत्या सोबतीला जागा नाही. तेव्हा त्याची नोंदणी करून घ्या, किनाऱ्यावरून गळ फेकायचा एक साधा आठ-नऊ फुटी सर्फ रॉड त्याच्या हातात द्या आणि तुमच्या शेजारी उभा करा. त्याला खरेच रस नसेल तर दिवसा या, उद्यान बंद व्हायच्या आधी त्याला घरी सोडा, आणि परवाना काचेला लावून तुम्ही परत जा.