गाडी थरथरतेय, पण काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे

पत्र : २०१२ ची पेट्रोल गाडी, १ लाख ५ हजार किमी. कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला थांबलो की इंजिन थरथरतं, चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनरवर बिघाडाचा कोड पी०१७१. ६,५०० देऊन ऑक्सिजन सेन्सर बदलला. आठवड्यात दिवा परत. आता मेकॅनिक ३०,००० चा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सांगतोय. आमचे विमा एजंट म्हणतात, पॉलिसीवर कर्ज काढून लाखभर डाऊन पेमेंट भरा आणि ८ लाखांची नवी घ्या. वय ३८, पगार ५०,०००, पत्नी घरी, दोन मुलं. पॉलिसी एकच : वर्षाला १.२ लाख, १२ वर्षं भरायचे (३ झाले), विमा १२ लाख, विसाव्या वर्षी २८ लाख. घेऊ का?

उत्तर : नको. गाडीचं कर्ज ७ लाख, ७ वर्षं, ९ टक्के म्हणजे हप्ता सव्वाअकरा हजार आणि व्याजच अडीच लाख. पॉलिसीचे महिना दहा हजार धरा. पगारातले एकवीस हजार गेले.

पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. हे सांगणारा ऑक्सिजन सेन्सरच, आणि तुम्ही बदललात तोच! (मीही एकदा हेच केलंय.) स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय तो आकडा, बघायला सांगा. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) खूप वाढलेला आणि २,५०० आरपीएमला शून्याजवळ आला, तर व्हॅक्यूम नळी किंवा इनटेकच्या गॅस्केटमधून हवा शिरतेय. वेगाबरोबर वाढत गेला, तर पेट्रोलचा दाब, फिल्टर, पंप तपासा. उद्यमनगरात स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं) करणारा शोधा. ईसीयू सगळ्यात शेवटी.

आता तुम्ही न विचारलेलं. उद्या तुम्हाला काही झालं तर घराला मिळणार १२ लाख, म्हणजे दोन वर्षांचा पगार. पुढं? आणि ते २८ लाख : भरणार १४.४ लाख, परतावा वर्षाला जेमतेम साडेचार टक्के. बँकेच्या एफडीलाही याहून जास्त मिळालंय. एजंटसाहेबांना कमिशन मिळालं, आता त्याच पॉलिसीवर तुम्हाला कर्जही काढायला लावतायत.

एक कोटीचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) तुमच्या वयाला, तंबाखू नसेल तर, वर्षाला पंधरा-वीस हजारांत बसतो. सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. आधी तो हातात येऊ द्या. मगच कंपनीकडून सरेंडर (पॉलिसी मोडली तर आता काय मिळेल) आणि पेड-अप (हप्ते थांबवून ठेवली तर शेवटी काय मिळेल), दोन्ही आकडे लेखी मागवा आणि चौथा हप्ता थांबवा. एजंट "तीन वर्षं वाया जातील" म्हणतील. जाऊ द्या, उरलेली नऊ वाचतील.

हप्त्याच्या वाचलेल्या लाखातून आधी तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा. गाडीसाठी दहा हजार पुरे. २०२७ ला तिची पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर येतोय, त्याचे पैसेही त्याच लाखात धरा.