वाफ बाहेर काढण्याचा खर्च नेमका कशावर होतो?

प्रश्न : मी घरातल्या 4 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि 2.7 मीटर उंच अशा खोलीत विजेच्या 3 किलोवॉटच्या हीटरवर एका वेळी 20 लिटर बिअर बनवतो. उकळी सुरू झाली की थोड्याच वेळात छतावर पाणी साचते आणि रंगाचे पापुद्रे निघू लागले आहेत. विक्रेत्याने सर्वांत मोठा एक्झॉस्ट फॅन सुचवला आहे. एवढा खर्च खरोखरच आवश्यक आहे का?

उत्तर : फॅन निवडण्याआधी आपण किती वाफ तयार करतो हे मोजावे, कारण पुढचा सगळा खर्च या एकाच आकड्यावर ठरतो. उकळीच्या आधी आणि नंतर पातेल्यात स्वच्छ पट्टी उभी धरून पाण्याची पातळी टिपली की तासाला किती पाणी उडून गेले ते कळते. आपल्या हीटरवर ते सुमारे 4 लिटर असावे. 25 अंश तापमानाच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त 23 ग्रॅम बाष्प मावते, म्हणजे आपल्या 32 घनमीटरच्या खोलीत एकूण पाऊण लिटरच्या आसपास. त्यातले निम्मे बहुधा आधीपासूनच हवेत असते. उरलेली जागा आपले पातेले पाच-सहा मिनिटांत भरून टाकते आणि त्यापुढचे पाणी सर्वांत थंड पृष्ठभाग शोधून त्यावर बसते. आपल्या खोलीत तो पृष्ठभाग म्हणजे छत.

म्हणून पहिला उपाय बिनखर्चाचा आहे : उकळी आली की हीटर मंद करावा. वॉर्ट, म्हणजे बिअर बनण्याआधीचा माल्टचा गोड रस, सतत हलत राहील इतपत उकळी पुरते, धबधब्यासारखी उसळी लागत नाही. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे 0.63 युनिट वीज लागते, त्यामुळे हीटर निम्म्यावर आणला तर वाफही निम्म्याहून कमी होते आणि विजेचीही बचत होते. झाकण मात्र पूर्ण बंद करू नये. माल्टमधून (मोड आणून वाळवलेल्या धान्यातून) निघणारे, शिजलेल्या मक्यासारखा वास देणारे गंधकयुक्त द्रव्य वाफेबरोबर बाहेर पडायला हवे.

दुसरी गोष्ट हूडची, म्हणजे पातेल्यावर टांगून वाफ गोळा करणाऱ्या छत्राची. 60 सेंटिमीटर चौरस हूड पातेल्याच्या काठापासून अर्धा-पाऊण मीटर उंचीवर असेल आणि त्याच्या तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला 0.3 मीटर राखायचा असेल, तर तासाला सुमारे 400 घनमीटर हवा ओढावी लागते. एवढी हवा 4 लिटरची उकळीही सांभाळते. मात्र फॅनच्या खोक्यावरचा आकडा डक्ट (हवा बाहेर नेणारी नळी) न जोडता मोजलेला असतो. पन्हळीदार लवचीक डक्ट आणि दोन-तीन वळणे आली की प्रत्यक्ष प्रवाह बराच घटतो, म्हणून 150 ऐवजी 200 मिलिमीटर व्यासाचा, आतून गुळगुळीत आणि शक्य तितका सरळ डक्ट घ्यावा. त्यात हवेचा वेग सेकंदाला सव्वासहावरून साडेतीन मीटरवर येतो आणि वळणांवरचा अडथळा साधारण एक-तृतीयांश उरतो. माझ्या मते पैसे फॅनपेक्षा या डक्टवर खर्च करावेत.

डक्टला बाहेरच्या बाजूला हलका उतार असलाच पाहिजे. माझ्या खोलीत पहिल्या हिवाळ्यात तो उलटा राहिला होता. जोडाच्या कडेला एक तपकिरी थेंब फुगत गेला आणि थेट उघड्या पातेल्यात पडला. तेव्हापासून मी डक्टला वरून उष्णतारोधक आवरण घालतो आणि सांधे दर वेळी पुसतो.

आता चालवण्याचा खर्च पाहू. 100 वॉटचा फॅन दोन तास चालला तर 0.2 युनिट जळते, आणि त्याची चिंता करण्याचे कारण नाही. खरा खर्च बाहेर जाणाऱ्या हवेचा असतो : घर बाहेरपेक्षा 15 अंशांनी उबदार किंवा थंड ठेवलेले असेल, तर तासाला 400 घनमीटर हवेबरोबर सुमारे 2 युनिटइतकी उष्णता बाहेर जाते किंवा आत येते. तेवढीच हवा आत येण्यासाठी वाटही हवी. दाराच्या फटीशी पातळ कागदाची पट्टी धरून पाहावी. ती जोराने आत ओढली जात असेल तर फॅन गुदमरतो आहे. अशा वेळी मोठा फॅन आणण्याऐवजी पातेल्याजवळची खिडकी थोडी उघडावी आणि घराच्या आतले दार बंद ठेवावे, म्हणजे आतली गरम किंवा गार केलेली हवा वाया जात नाही.

प्रश्न : हूड बसवण्याऐवजी डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारे यंत्र) किंवा वाफ थंड करणारा कंडेन्सर चालेल का? आणि गॅसवर उकळले तर?

उत्तर : दिवसाला 12 लिटर पाणी काढणारे यंत्र तासाला अर्धाच लिटर काढते. आपल्याकडे त्याच्या कितीतरी पट वाफ निघते आणि ते यंत्र खोली आणखी तापवते. उकळी संपल्यावर उरलेली ओल काढायला ते उपयोगी आहे, त्याहून अधिक अपेक्षा ठेवू नये.

कंडेन्सर हा खरोखर चांगला पर्याय आहे, विशेषतः भिंतीला भोक पाडण्याची परवानगी नसेल तेव्हा. त्यात झाकण बंद ठेवून वाफ एका नळीत नेली जाते आणि पाण्याच्या फवाऱ्याने तिथेच थंड केली जाते. एक लिटर पाण्याची वाफ थंड करताना फवाऱ्याचे पाणी 50 अंशांनी तापू दिले, तर साधारण 11 लिटर पाणी लागते. ते गरम पाणी भांडी धुण्यासाठी साठवता येते. वाफ थंड होऊन बनलेले पाणी मात्र पातेल्यात परत गळू देऊ नये, नाहीतर ते गंधकयुक्त द्रव्यही परत येते.

गॅसच्या मोठ्या शेगडीबाबत माझे मत ठाम आहे : बंदिस्त खोलीत ती वापरूच नये. ज्वलनातून आणखी बाष्प तर तयार होतेच, पण हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो, ज्याला रंगही नसतो आणि वासही नसतो. फॅनवर पैसे वाचवून तिथे जोखीम घेण्यापेक्षा विजेच्या हीटरवर खर्च करावा.




प्रश्न : आंबवणीच्या काळातही फॅन चालू ठेवावा लागेल का?

उत्तर : नाही. 20 लिटरमागे आठवडाभरात साधारण 400 ते 550 लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो, जो एका माणसाच्या उच्छ्वासाहून सरासरीने बराच कमी आहे. हवा खेळती असलेल्या खोलीला तो पेलतो. मात्र आंबवणीचे भांडे बंद फ्रीजरमध्ये किंवा कपाटात असेल, तर दार उघडून थोडे थांबावे आणि लगेच आत वाकू नये, कारण हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचून राहतो.