तडा जातो हे कळूनही त्याच जातीची इंजिनं उडत का राहतात?

तुमचा प्रश्न रास्त आहे. ज्वालामुखीची राख पसरली की सरकार अख्खं आकाश बंद करतं, मग इंजिनाच्या पात्यांना तडे जातात हे कळल्यावर ती विमानं लगेच का थांबवत नाही?

राखेबाबत बराच काळ सुरक्षित प्रमाण ठरलेलंच नव्हतं. २४ जून १९८२ रोजी जावाजवळ ब्रिटिश एअरवेजच्या ७४७ विमानाची चारही इंजिनं राखेत बंद पडली. राख इंजिनात वितळते आणि टर्बाइनवर काचेसारखी चिकटते. कितीपर्यंत चालेल हे माहीत नसल्यामुळे नियम एकच होता, राखेत शिरायचंच नाही. म्हणून एप्रिल २०१० मध्ये युरोपातली उड्डाणं कित्येक दिवस ठप्प झाली. मर्यादा ठरल्यावरच आकाश खुलं झालं.

पात्यातला तडा उड्डाणागणिक वाढत जातो. एक टेकऑफ आणि एक लँडिंग मिळून एक सायकल, त्यामुळे जास्त सायकल झालेली पाती आधी तपासायची, बाकीची नंतर, असे टप्पे पाडता येतात. मला ते पटतात. सगळी इंजिनं एकाच वेळी उघडली तर कसलेले तपासनीस आणि उपकरणं पुरणार नाहीत, आणि घाईत तडा नजरेतून सुटतो.

पटत नाही ती सक्ती यायला झालेली दिरंगाई. ऑगस्ट २०१६ मध्ये साउथवेस्ट या अमेरिकी विमान कंपनीच्या एका विमानात सीएफएम५६-७बी इंजिनाचं पातं मुळाशी मोडलं. २०१७ मध्ये उत्पादकाने अल्ट्रासोनिक तपासणीचं सर्व्हिस बुलेटिन काढलं. पण बुलेटिन ही शिफारस असते. नियामकाने एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह काढला की मगच ती बंधनकारक होते. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाने त्याचा मसुदा ऑगस्ट २०१७ मध्ये प्रसिद्ध करून हरकती मागवल्या. युरोपचा आदेश मार्च २०१८ मध्ये निघाला, पण त्यात नऊ महिन्यांची मुदत होती.

१७ एप्रिल २०१८ रोजी त्याच कंपनीच्या दुसऱ्या विमानाचं पातं तसंच मोडलं. त्या पात्याच्या ३२,००० हून अधिक सायकल झाल्या होत्या. खिडकी फुटली आणि एका प्रवासी महिलेचा जीव गेला. २०१२ च्या ओव्हरहॉलमध्ये ते पातं चमकणारा रंग लावून तपासलं होतं. तडा तेव्हाही असावा, पण सापडला नाही, असा एनटीएसबी या अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेचा निष्कर्ष आहे. अधिक बारीक तडे पकडणारी एडी करंट तपासणी त्यानंतर लागू झाली.

अपघातानंतर तीनच दिवसांत एफएएचा तातडीचा आदेश आला: ३०,००० सायकल झालेली पाती २० दिवसांत तपासा. म्हणजे टप्पे पाडायला तीन दिवस पुरतात. मसुदा मात्र आठ महिने अडकून होता, याचा मला आजही राग येतो.

असा आदेश वाचताना मुदतीबरोबरच पुन्हा तपासणी किती सायकलनी करायची हेही पाहा. या पात्यांसाठी ते अंतर आधी ३,००० सायकल होतं, त्याच वर्षी ते १,६०० वर आणलं गेलं.