अमेरिकेतल्या ख्रिस्ती कट्टरपंथीयांविरुद्ध कॅथलिक हे बिगरख्रिस्ती लोकांचे साथीदार होऊ शकतात का?

होऊ शकतात, पण मुद्द्यापुरते. हिंदूंना किंवा पेगन (ख्रिस्तपूर्व युरोपातले जुने निसर्गधर्म मानणाऱ्या) मंडळींना सैतानपूजक ठरवणारे कट्टर प्रोटेस्टंट बरेचदा कॅथलिकांनाही खरे ख्रिस्ती मानत नाहीत. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात शाळेत प्रोटेस्टंटांचं बायबल वाचायचं की कॅथलिकांचं या वादातून दंगल पेटली, कॅथलिक चर्च जाळली गेली. टेक्ससमधल्या सांता फे इथे सरकारी शाळेच्या फुटबॉल सामन्याआधी लाउडस्पीकरवरून प्रार्थना व्हायची. त्याविरुद्ध कोर्टात गेलेल्या दोन कुटुंबांपैकी एक कॅथलिक होतं, दुसरं मॉर्मन, म्हणजे अमेरिकेतच उगम पावलेल्या एका वेगळ्या ख्रिस्ती पंथाचं. २००० साली सुप्रीम कोर्टात तीच जिंकली. अशा लढ्यात कॅथलिक शेजाऱ्याचं दार जरूर ठोठवा. गर्भपाताच्या प्रश्नावर मात्र त्यांचे बिशप कट्टरपंथीयांच्याच बाजूला असतात. तेवढ्यावरून मैत्री तोडू नका, असं मला मनापासून वाटतं.