पहाटेच्या स्वप्नाची भीती

"पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात, ते खरं का?" सांगलीत समुपदेशन करताना हा प्रश्न मला अनेकांनी विचारलाय. विचारणारं माणूस बहुधा रात्र रात्र जागून आलेलं असतं. त्यातलीच एका ताईंची ही हकीकत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ताई गावभागात राहणाऱ्या, वय पन्नाशीच्या आत. मालकांचं छोटं किराणा दुकान. स्वप्न दर वेळी एकच: दुकानात पाणी चढतंय, मालक पाठमोरे उभं राहून पोती हलवतायत आणि यांच्या तोंडून हाकच फुटत नाही. घाबरून जाग येते तेव्हा घड्याळात साडेचार-पाच झालेले असतात. सासूबाई म्हणाल्या, "पहाटंचं हाय, जपून राहा." तेव्हापासून ताईंनी मोबाईलला तीनचा गजर लावला. "झोपलेच नाही तर सपान पडंल कसं, मॅडम?" असा त्यांचा हिशोब. दिवसभर डोकं जड, हातून दूध उतू जाणं, मुलांवर खेकसणं. सकाळची कामं आवरून नऊला जरा अंग टाकलं की तिथेही तेच पाणी.

स्वप्नातलं पाणी कुठून आलं, हे सांगलीकराला वेगळं सांगायला नको. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांपर्यंत गेली होती. तिथली धोक्याची पातळीच 45 फूट आहे. ताईंच्या दुकानातला माल त्या वेळी गेला, माणसं वाचली. पण दर पावसाळ्यात कोयनेतून विसर्ग वाढल्याचे मेसेज फिरू लागले की त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या "आयर्विनला किती फूट झालं" ते बघत बसायच्या. तेच डोळ्यांपुढे घेऊन झोपायच्या.

मी आधी त्यांना पहाटेचंच समजावून सांगितलं, कारण भीतीचं मूळ तिथे होतं. आपली झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी पुढे सरकते. पूर्वरात्रीत गाढ झोप जास्त. उत्तररात्रीत मात्र जिच्यात बंद पापण्यांआड बुबुळं भराभर हलतात ती झोप वाढत जाते. तिला आरईएम म्हणतात. 1953 साली शिकागो विद्यापीठातल्या ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी तिची नोंद प्रसिद्ध केली. ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं जास्त करून याच झोपेत पडतात. त्या वेळी मेंदूतली भावनांची केंद्रं जोरात चालू असतात आणि तर्क करणारा भाग मंदावलेला असतो. पहाटे ही झोप सगळ्यांत लांब, आणि जागही बहुधा तिच्यातूनच येते. म्हणून पहाटेचं स्वप्न लख्ख आठवतं. मध्यरात्री पडलेली किती स्वप्नं आपण विसरून जातो! खरी न झालेली तर कुणी मोजतच नाही.

आणि गजराचं काय? 1960 मध्ये विल्यम डिमेंट यांनी माणसांना स्वप्नझोप लागताच उठवण्याचा प्रयोग केला. ती माणसं त्या झोपेत पुन्हा पुन्हा शिरू लागली, आणि पुढे मोकळं झोपू दिल्यावर त्यांना ती नेहमीपेक्षा जास्त लागली. ताई रोज स्वतःवर हाच प्रयोग करत होत्या. तीनला तोडलेली झोप नऊला वसुली करत होती.

एकदा त्यांनीच विचारलं, "शेजारीण म्हणते, सपनात मरण बघितलं की आयुष्य वाढतं. मग तसंच धरू का?" मी नाही म्हणाले. एका समजुतीवर दुसरी चढवली तर स्वप्नाचा अर्थ लावत बसण्याची सवय तशीच राहते, आणि पुढचं वाईट स्वप्न पुन्हा छातीत धडकी भरवतं. मला ती सवयच सोडवायची होती.

त्याऐवजी आम्ही स्वप्नाचा शेवट बदलला. सतत येणाऱ्या दुःस्वप्नांसाठी ही पद्धत जगभर वापरतात: जागेपणी स्वप्न लिहायचं, आपल्याला हवं तसं बदलायचं आणि बदललेलं रोज दहा-वीस मिनिटं मनात बघायचं. काय बदलायचं, ते ताईंनीच ठरवलं. त्यांच्या नव्या स्वप्नात हाक फुटते, मालक वळून "आलो गं" म्हणतात, आणि दोघं गच्चीवर जातात. वहीत हे लिहिताना त्या रडल्या. मी थांबवलं नाही.

तीनचा गजर बंद केला. उठायची वेळ साडेपाच ठरली, सकाळची झोप बंद. पाण्याची पातळी संध्याकाळी एकदाच बघायची. प्रशासनाचा इशारा आला तर मात्र मालक उठवतील, हे घरात बोलून ठेवलं. काही आठवड्यांत स्वप्न विरळ झालं. पूर्ण गेलं नाही, पण आलं तरी त्या कूस बदलून परत झोपू लागल्या.

तुम्हालाही असं होत असेल तर चालू गोळ्यांबद्दल डॉक्टरांना नक्की विचारा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही भयंकर स्वप्नं पडतात. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नका. घरातलं वयस्कर माणूस झोपेत लाथा-बुक्क्या मारत असेल, तर "स्वप्न पडलं असेल" म्हणून सोडू नका, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. आणि जागेपणीही तेच प्रसंग डोळ्यांपुढे येत असतील, जगणं नको वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. तोवर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून बोलता येतं, पहाटेसुद्धा.